स्मोक मशीन: दाखवले एक, दिले दुसरे

कुडाळ परिसरात महामार्गाला लागून माझे चारचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. गाडीतील हवेची गळती शोधण्यासाठी मी घेतलेल्या स्मोक मशीनच्या व्यवहारात माझी फसवणूक कशी झाली, ते येथे सविस्तर लिहीत आहे. गणपतीच्या तोंडावर चाकरमान्यांच्या गाड्या कोकणात उतरू लागल्या की गॅरेजमध्ये कामाची रीघ लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत अशी उपकरणे विकणारी माणसे गॅरेज-गॅरेज फिरतात. पुढच्या हंगामात कोणी त्यांच्याकडून खरेदी करण्याआधी ही माहिती त्याच्या हाती असावी, एवढ्यासाठी हे लेखन आहे.

किनारपट्टीवर या मशीनची गरज खरी आहे. खाऱ्या हवेमुळे क्लॅम्प आणि सायलेन्सरचे जोड लवकर गंजतात, मासळीच्या टेम्पोत बर्फाचे खारे पाणी सतत ठिबकत असल्याने चासीलगतचे पाइप खाल्ले जातात, आणि पावसाळ्यात बॉनेटखाली उबेला आलेले उंदीर रबरी होज कुरतडतात. अशी गळती नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. आत जाणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर असलेल्या पेट्रोल गाडीत सेन्सरच्या पुढे, इंजिनच्या बाजूला, कुठे चीर पडली, तर मोजली न गेलेली हवा इंजिनात शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि स्कॅनरवर पी०१७१ हा कोड येतो. हवेच्या मार्गातील दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत मात्र हाच दोष पुष्कळदा कोड न देता नुसते आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग, वाढवतो, आणि मग आत जाणाऱ्या हवेचे प्रमाण ठरवणारी थ्रॉटल बॉडी पुनःपुन्हा साफ करण्यात दिवस जातो. स्मोक मशीन तेल तापवून दाट पांढरा धूर तयार करते व तो अगदी कमी दाबाने पाइपांत सोडते; जिथे फट असेल तिथून धुराची रेघ बाहेर येते.

विक्रेत्याचा प्रतिनिधी गॅरेजवर घेऊन आला होता ते मशीन चांगले होते. त्याने दारात उभ्या असलेल्या एका गाडीच्या इनटेकला, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या मार्गाला, नळी जोडली आणि थोड्याच वेळात मॅनिफोल्डच्या गॅस्केटखालून निघालेली बारीक रेघ माझ्या दोन्ही फिटरांनाही स्पष्ट दिसली. दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर फिरवला की दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा हलत होता, नळीचे तोंड बोटाने दाबले की हवेचा प्रवाह दाखवणाऱ्या फ्लो मीटरमधील गोळी खाली बसत होती. पेट्रोलच्या टाकीपासून इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोपर्यंत सगळी कामे हे एकच मशीन करील, असे त्याने सांगितले. साडेअठरा हजार रुपये किंमत ठरली. "शेठ, हा डेमोचा पीस आहे, तुम्हाला सीलबंद नवा कोरा पाठवतो," असे म्हणून त्याने निम्मी रक्कम यूपीआयने घेतली, आणि उरलेली रक्कम खोके हातात देताना कुरिअरवाल्याने घेतली.

खोक्यातून निघालेल्या मशीनचा रंग, दर्शनी पट्टी आणि तिच्यावरील अक्षरे डेमोच्या मशीनसारखीच होती. पहिल्याच वापरात मात्र धूर विरळ आला, जळका वास सुटला आणि नळीच्या तोंडातून धुराबरोबर ओले थेंब उडाले. रेग्युलेटरची मूठ कितीही फिरवली तरी गेजचा काटा शून्यावरून हलत नव्हता. मागचे झाकण उघडल्यावर त्याचे कारण समजले. गेजच्या पाठीमागील पितळी निपलला कोणतीही नळी जोडलेलीच नव्हती. कारखान्यातून गेज येताना त्याच्या तोंडावर जे लाल प्लास्टिकचे बूच असते, ते तसेच बसलेले होते. बाहेरून रेग्युलेटर म्हणून दिसणारी मूठ आतल्या बाजूने केवळ पत्र्याला नटने आवळलेली होती, आणि कॉम्प्रेसरची हवा कोणताही अडसर नसल्याने थेट तेलाच्या डब्यात जात होती. तेल तापवायला डिझेल इंजिनचा ग्लो प्लग लावला होता. त्याला ना फ्यूज होता, ना उष्णता वाढल्यावर बंद पाडणारा स्विच, आणि वायरीचे आवरण एका अंगाने वितळू लागले होते.

सोबत आलेल्या द्रवाच्या बाटलीवर लेबल नव्हते. मिनरल ऑइलचा थेंब कागदावर तुपाच्या थेंबासारखा आरपार डाग ठेवतो आणि तो पाण्याने जात नाही. या द्रवाच्या थेंबाने कागद सुरकुतला, आणि ओले बोट फिरवताच डाग निघून गेला. म्हणजे ते तेल नसून, लग्नाच्या स्टेजवर धूर सोडण्यासाठी वापरतात तसे पाण्यात मिसळलेले द्रव होते. असे द्रव इनटेकमध्ये गेल्यास एअर फ्लो सेन्सरच्या नाजूक तारेवर चिकट थर बसण्याची भीती असते.

पैसे गेले त्याहून मला जास्त लागले ते हे की, असे मशीन बंद पडत नाही, ते खोटे उत्तर देते. वेंगुर्ल्याच्या एका ग्राहकाच्या गाडीचे आयडलिंग वाढलेले होते. या मशीनने त्या गाडीत कुठेही धूर दाखवला नाही, आणि गळती नसेल तर थ्रॉटल बॉडी बदलावी लागेल, इथपर्यंत बोलणे आले. सावंतवाडीच्या एका व्यवसायबंधूंचे चांगले मशीन आणून लावल्यावर ब्रेकला जोर देणाऱ्या ब्रेक बूस्टरच्या होजला फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूने गेलेली चीर लगेच सापडली. हा होज बदलायला किरकोळ खर्च येतो. त्यातच तो ब्रेकचा होज असल्याने ही चीर तशीच राहिली असती, तर उतारावर ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट होण्याचा धोका होता. धूर निघतो आहे, पण त्यामागे किती दाब आहे हे कळत नाही, अशा स्थितीत "लीक नाही" हा निष्कर्ष काढताच येत नाही, आणि त्याची किंमत आपल्या ग्राहकाला मोजावी लागते.

दाबाचे गणित खरेदीपूर्वी नीट समजून घ्यावे. पेट्रोल टाकी, तिची वाफ साठवणारा कॅनिस्टर आणि ती वाफ इंजिनाकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह या व्यवस्थेची चाचणी साधारण अर्ध्या पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचे एकक), म्हणजे सुमारे १४ इंच पाण्याच्या स्तंभाइतक्या दाबावर करतात. त्याहून पुष्कळ जास्त दाब दिल्यास सील आणि कॅनिस्टर खराब होऊ शकतात. साध्या इनटेकला एक-दोन पीएसआय पुरतात. टर्बो डिझेलचे निराळे आहे: टर्बो ते इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा भाग) या मार्गातील काही चिरा टर्बोने भरलेल्या हवेचा, म्हणजे बूस्टचा, दाब आल्याशिवाय उघडतच नाहीत, आणि त्यांच्यासाठी १५ ते २० पीएसआयपर्यंत नियंत्रित दाब देणारे व तेवढ्या दाबाला न निसटणारे अडॅप्टर असलेले मशीन लागते. रेग्युलेटर नसलेला डबा कॉम्प्रेसरला जोडून "सगळी कामे करतो" म्हणणारा विक्रेता टाकीही धोक्यात घालतो आणि माणसेही. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की पेट घेऊ शकते. म्हणूनच टाकीच्या चाचणीसाठी कॉम्प्रेसरची हवा न वापरता नायट्रोजनसारखा निष्क्रिय वायू वापरतात, आणि चांगल्या मशीनला त्यासाठी जोडणी दिलेली असते.

जे मशीन आपण घरी नेणार आहोत त्याचीच चाचणी विक्रेत्यासमोर घ्यावी, डेमोच्या पीसची नव्हे. नळीचे तोंड पूर्ण बंद केल्यावर गेजचा काटा ठरवलेल्या दाबावर येऊन स्थिर राहिला पाहिजे आणि फ्लो मीटरची गोळी तळाला बसली पाहिजे. त्यानंतर हवा बंद केली, तरी काटा लगेच खाली येता कामा नये. तो पडत असेल तर मशीनच गळते आहे. मग एका बुचाला अर्ध्या मिलिमीटरचे छिद्र पाडून ते नळीला लावावे आणि धूर दिसतो का ते बघावे. गाड्यांच्या टाकीव्यवस्थेतील गळती ओळखण्यासाठी अमेरिकेत ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर, हेच माप धरले जाते. त्यामुळे या छिद्रातून धूर न दाखवणारे मशीन बारीक गळतीच्या कामाचे नाही. आपल्याकडच्या दमट हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठते आणि ते मशीनमध्ये गेले की धूर फुटतो, म्हणून हवेतील पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप आधी बसवावा. अन्यथा चांगले मशीनही वाईट ठरेल आणि विक्रेत्याला तेच निमित्त सापडेल.

माझ्या विक्रेत्याने आधी फोन उचलले, नंतर "झाकण उघडलेत म्हणून वॉरंटी संपली" असा निरोप दिला आणि त्यानंतर बोलणेच थांबवले. बिलावर "ऑटो टूल, नग १" एवढेच लिहिलेले होते; मॉडेल नाही, सीरियल क्रमांक नाही. यूपीआयची रक्कम दुकानाच्या नावावर न जाता एका व्यक्तीच्या खात्यात गेली होती. खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता, मूळ देश आणि कमाल किरकोळ किंमत असायला हवी होती, तीही नव्हती. बिलावर जीएसटी क्रमांक असेल, तर तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून नाव जुळते का ते रक्कम देण्यापूर्वीच पाहता येते.

गॅरेजसाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक वापराची, म्हणून ग्राहक कायद्यात दाद मागता येत नाही, असे मला अनेकांनी सांगितले. ते पूर्णपणे खरे नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठीच घेतलेली वस्तू व्यावसायिक वापरात धरली जात नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात एक-दोन मदतनीस असले तरी माणूस ग्राहकच राहतो, असे म्हटले आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, पोचपावतीसह नोटीस पाठवली आणि ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती पोर्टलवरून सिंधुदुर्गच्या आयोगाकडे तक्रार दिली. डेमोच्या वेळी माझ्या एका फिटरने मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ तिच्यासोबत जोडला आहे. त्यात गेजचा काटा हलताना स्पष्ट दिसतो. ज्यांच्याकडे असे सीलबंद मशीन आलेले आहे, त्यांनी खोके फोडण्यापासून मागचे झाकण काढेपर्यंत सलग चित्रण करावे आणि पहिला स्क्रू सोडण्याआधी विक्रेत्याला लेखी कळवावे.