डी कर्व्ह की सिरीज रेझिस्टर?

जळगावच्या एमआयडीसीत लाइट जाऊन आली की पॅनलमधल्या ट्रान्सफॉर्मरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो. लोड नसतोच, लोखंडी कोअर सॅच्युरेट होऊन (चुंबकत्वाने पूर्ण भरून) पहिल्या अर्ध्या सायकलला करंट रेटेडच्या दहा-पंधरा पट उसळतो. एमसीबीचा सी कर्व्ह प्रकार रेटेडच्या 5 ते 10 पटीला लगेच पडतो, डी 10 ते 20 पटीला. त्याच अँपिअरचा डी टाकणं स्वस्त, झटपट. (अँपिअर वाढवणं म्हणजे वायर जाळणं, ते नकोच.)

पण रावेरकडे केळीच्या मळ्यात स्टॅबिलायझरपर्यंत (त्यातही ट्रान्सफॉर्मरच) वायर लांबलचक. टोकाला शॉर्ट झाला तरी डी लगेच पडावा एवढा करंट मिळत नाही. डी पडतो, पण वायर तापल्यावर. तिथे सी ठेवून सिरीज रेझिस्टर आणि अर्ध्या सेकंदात तो बायपास करणारा टायमर-कॉन्टॅक्टर लावावा. खर्च जास्त, पण उसळीच दबते. नुसता एनटीसी (गरम झाला की रोध कमी होणारा रेझिस्टर) लावू नका: लाइट लगेच परतली तर तो गरमच असतो, काही रोखत नाही.