दहा हजारांच्या आतले रोड सायकलिंगचे बूट: मुंबईकरांनी काय बघून घ्यावं

पहिल्यांदा क्लीटचे (सोलखाली बसणाऱ्या आणि पेडलमध्ये अडकणाऱ्या तुकड्याचे) बूट घेणारे बहुतेक जण आधी सोल वाकवून बघतात. दहा हजारांच्या आतल्या बुटांत ही तपासणी सगळ्यात कमी कामाची. या किमतीत सोल जवळपास सगळीकडे नायलॉनचाच असतो, आणि काचतंतू मिसळलेला नायलॉन शंभर किलोमीटरच्या राइडलाच काय, खोपोलीहून बोरघाट चढायलाही पुरेसा कडक असतो. सायकलचे भाग आणि बूट बनवणारी शिमानो कंपनी आपल्या बुटांच्या कडकपणाला 12 पर्यंत आकडा देते. तिच्या आरसी100 या बुटाचा आकडा 6, आणि त्याहून महाग आरसी300 चाही 6च. आरसी300 ला जादा मोजलेले पैसे मुख्यतः डायलचे, म्हणजे तार आवळणाऱ्या फिरत्या चकतीचे आहेत. हौस असेल तर जरूर घ्या, पण त्याने पेडलवर जास्त ताकद पोचत नाही.

खरा निकाल लागतो तो मापावर. रोड बुटांचे साचे अरुंद असतात आणि वर्षानुवर्षं चपला-सँडल वापरलेल्या पायाचा चवडा बहुधा पसरट. मग करंगळी दाबली जाते म्हणून लोक एक नंबर मोठा बूट घेतात. बूट लांबीला वाढतो, रुंदीला जेमतेम. टाच आत उचलली जाते आणि क्लीटची भोकं चवड्याच्या मानाने पुढे सरकतात. त्यापेक्षा रुंद साच्याचा बूट शोधावा. शिमानोचा आरसी300 रुंद साच्यातही निघतो, आणि माझ्या मते डायलपेक्षा हेच त्याला जादा पैसे देण्याचं खरं कारण आहे.

माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय सुजतात. सायकलिंगचे मोजे घालून, टाच भिंतीला टेकवून कागदावर उभे राहा, सर्वांत लांब बोटाच्या टोकाशी खूण करा आणि अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. दोन्ही पाय मोजा, मोठा असेल तो धरा. शिमानोच्या तक्त्यात 42 म्हणजे 26.5 सेंमी, 43 म्हणजे 27.2 आणि 44 म्हणजे 27.8. रोजच्या बुटाच्या नंबरावरून अंदाज बांधू नका. दुकानात पट्टे नीट आवळून पंधरा मिनिटं बूट पायात राहू द्या. बोटांपुढे अर्धा सेंटिमीटर जागा हवी, चवड्यावर उभं राहिल्यावर टाच निसटता कामा नये, आणि करंगळीला जरासाही दाब जाणवला तर तो बूट सोडा. रेक्झिन चामड्यासारखं सैल होत नाही. दुकानातला तो जरासा दाब तासाभराच्या राइडनंतर मुंग्या आणतो.

दुसरा प्रश्न भोकांचा. तीन भोकांच्या सोलवर शिमानोची एसपीडी-एसएल आणि लुक कंपनीची किओ, या दोन्ही रोड पेडलांच्या क्लीट बसतात. पण लुकची क्लीट शिमानोच्या पेडलमध्ये अडकत नाही, शिमानोची लुकमध्ये नाही. रंगांचाही घोळ होतो. शिमानोची पिवळी क्लीट पाय पेडलमध्ये 6 अंश हलू देते, निळी 2 आणि लाल अजिबात नाही. लुकची काळी शून्य, राखाडी 4.5 आणि लाल तब्बल 9 अंश. शिमानोची लाल समजून लुकची किंवा लुकची समजून शिमानोची मागवली की गुडघा तक्रार करणारच. नवशिक्याने शिमानोत पिवळी, लुकमध्ये राखाडी घ्यावी. क्लीट सहसा पेडलच्या खोक्यात मिळतात, बुटाच्या नाही. हिशेब करताना हे धरा.

दोन भोकं म्हणजे एसपीडी, शिमानोचीच दुसरी पद्धत. तिची लोखंडी क्लीट छोटी असते आणि टुरिंगच्या बुटात सोलच्या खाचेत लपते. मुंबईत याचं महत्त्व फार. पहाटे पाचला निघून घोडबंदर किंवा पाम बीच रोड न थांबता गाठणाऱ्याने तीन भोकं खुशाल घ्यावीत. पण सायकलवरून ऑफिस गाठणारा, दर सिग्नलला पाय टेकणारा, सायकल उचलून जिने चढणारा असेल, तर त्याने दोन भोकांचे खाचेचे बूट आणि एका बाजूने सपाट असलेलं पीडी-ईएच500 सारखं पेडल घ्यावं. एसपीडी-एसएल क्लीटवर रेल्वे पुलाच्या ओल्या पायऱ्या उतरणं धोक्याचं आहे. पेव्हर ब्लॉकवर चालून प्लास्टिक क्लीट झिजतेही लवकर. चालायचंच असेल तर रबरी कव्हर खिशात ठेवा. काही स्वस्त रोड बुटांना पाचही भोकं असतात, पण सपाट सोलवर लावलेली एसपीडी क्लीट बाहेर उभी राहते आणि फरशीवर घसरते. ती सोय फक्त कागदावरची.

बांधणीत माझं मत वेल्क्रोच्या बाजूने. आरसी100 ला तीन पट्टे आहेत, चालत्या सायकलवर एका हाताने आवळता येतात. पट्ट्याची शिवण उसवली तर नाक्यावरचा मोची शिवून देतो. डायलची तार तुटली तर सुटा भाग मिळेपर्यंत बूट घरात पडून. वेल्क्रोत चिखल भरला की पकड जाते. जुन्या टूथब्रशने साफ करा.

क्लीट बसवताना घाई नको. बूट घालून अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाशी असलेली हाडं चाचपा, बाहेरून खूण करा. पेडलचा दांडा या दोन खुणांच्या मधोमध आला पाहिजे. क्लीट फार पुढे गेली तर पोटरीवर ताण येतो आणि बोटं बधिर होतात. कोन चुकला तर गुडघ्याच्या बाजूला दुखतं. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा, 4 मिमी अॅलन कीने आळीपाळीने थोडे थोडे आवळा. टॉर्क रेंच असेल तर 5 ते 6 न्यूटन-मीटर. पहिल्या राइडनंतर पुन्हा तपासा, क्लीट दबते आणि बोल्ट सैल होतात. सोलच्या जाडीप्रमाणे सीटची उंचीही बदलावी लागते, दर वेळी दोन-तीन मिलिमीटरच.

पेडलची स्प्रिंग सुरुवातीला सर्वांत सैल ठेवा. भिंतीचा आधार घेऊन डावी टाच बाहेर फिरवत पाय सोडवायचा सराव करा, कारण सिग्नलला टेकायचा तो डावाच. पडायला होतं ते वेगात नाही, थांबता थांबता. म्हणून थांबायच्या आधी, चाक फिरत असतानाच पाय मोकळा करा. एसपीडीवाल्यांना एसएच56 ही क्लीट मिळते. ती पाय वेगवेगळ्या दिशांना ओढला तरी सुटते. पेडलसोबत बहुधा येणारी एसएच51 फक्त बाजूला फिरवूनच सुटते.

खारी हवा आणि घाम यांनी बोल्ट गंजतात. दोन महिन्यांतून एकदा काढून पुसा, ग्रीस लावा. की घालण्याआधी बोल्टच्या डोक्यातली माती टाचणीने उकरा, नाहीतर की नीट बसत नाही आणि खाच गोल होते. पेडलसकट मिळणाऱ्या बिनब्रँडच्या जोडीत आतल्या आट्यांची पट्टी सोलमध्ये नीट धरलेली नसते. ती जागेवर फिरली की बोल्ट निघतही नाही, आवळतही नाही. घेण्याआधी आतला पातळ तळ उचलून पट्टी हलवून बघा. पावसात भिजलेला बूट उन्हात ठेवू नका. तळ काढा, रद्दी कोंबा आणि पंख्याखाली ठेवा.

ऑनलाइन मागवला असेल तर क्लीट लावायच्या आधी घरातच चटईवर घालून बघा. क्लीटचे ओरखडे उमटलेला बूट बहुतेक दुकानदार परत घेत नाहीत.