लीशमॅनियावर वनस्पतिजन्य संयुगांची चाचणी: मुक्त परजीवी की पेशींतील परजीवी?

त्वचेच्या लीशमॅनियासिसवर (लीशमॅनिया या एकपेशीय परजीवीमुळे त्वचेवर व्रण होणाऱ्या रोगावर) बर्बेरिन किंवा क्वेर्सेटिनसारखी वनस्पतिजन्य संयुगे तपासू पाहणाऱ्या संशोधकापुढे पहिला पेच पडतो तो परजीवीच्या अवस्थेचा: रोग पसरवणाऱ्या सँडफ्लाय या माशीच्या आतड्यात पोहणारा प्रोमॅस्टिगोट घ्यावा, की माणसाच्या मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक) पेशींत राहणारा अमॅस्टिगोट?

खर्च आणि श्रम पाहता प्रोमॅस्टिगोट निःसंशय सोयीचा आहे. तो साधारण २६ अंश सेल्सिअसला द्रव माध्यमात वाढतो आणि अनेक अर्क एकाच वेळी तपासता येतात. अमॅस्टिगोटसाठी आधी मॅक्रोफेज वाढवून त्यांना संसर्ग करावा लागतो आणि पुष्कळदा गिम्सा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी मोजावे लागतात.

विश्वासार्हतेचा निकष मात्र मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रुग्णाच्या व्रणात अमॅस्टिगोटच असतो. त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी संयुगाला पेशीचे आवरण ओलांडून आम्लधर्मी पोकळीत टिकावे लागते, त्यामुळे मुक्त परजीवीला मारणारे संयुग तेथे निष्प्रभ ठरू शकते. उलट, मॅक्रोफेजची स्वतःची प्रतिकारशक्ती चेतवणारे संयुग प्रोमॅस्टिगोटवरील चाचणीत दिसणारच नाही. मॅक्रोफेजवरील विषारीपणाही सोबतच तपासला पाहिजे, कारण यजमान पेशी मेल्यामुळे परजीवी घटले तर तो उपचार नव्हे. (एमटीटीसारख्या, म्हणजे जिवंत पेशींनी बदललेल्या रंगावरून त्यांचे प्रमाण मोजणाऱ्या चाचणीत पेशीविरहित नियंत्रण, म्हणजे पेशी न घालता केलेली तुलनेची चाचणी, हवेच, कारण अनेक पॉलिफेनॉल (क्वेर्सेटिनसारखी वनस्पतिजन्य संयुगे) तो रंग स्वतःच बदलतात.)

शेकडो अर्कांतून प्राथमिक निवड करायची असल्यास प्रोमॅस्टिगोट पुरेसा आहे. निवडलेले शुद्ध संयुग प्राण्यांवरील चाचणीपर्यंत न्यायचे असेल, तर अमॅस्टिगोटवरच खर्च करावा.