ग्लुकोमीटरसोबतचे नऊ महिने : फोंड्यातील एका घराचा अनुभव

जानेवारीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ८.४ टक्के आल्यावर डॉक्टरांनी मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध सुरू केले आणि घरी ग्लुकोमीटर, म्हणजे बोटाच्या रक्तातील साखर मोजणारे यंत्र, ठेवायला सांगितले. आता ऑक्टोबर उजाडला आहे, आणि ते यंत्र मी कसे वापरले यावरच त्याचा बराचसा उपयोग ठरला, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

पहिले दोन महिने मी फक्त उपाशीपोटीची साखर मोजत होते. आकडा १२५च्या आसपास येई आणि मी निश्चिंत राही. पुढे जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा अशी जोडीने मोजणी सुरू केली, तेव्हा उकड्या तांदळाच्या दोन वाट्या भाताने आणि हुमणाने (माशांच्या आमटीने) साखर १२४वरून २१८वर नेल्याचे दिसले. उकडा भात पथ्याचा म्हणून मी तो पोटभर खात आले होते. त्याच हुमणाबरोबर एक वाटी भात आणि भरपूर तांबडी भाजी घेतली, तेव्हा आकडा १६५ आला. पोईच्या (गोव्यातल्या पावाच्या) बाबतीतही तोच धडा मिळाला : वरून कोंडा भुरभुरलेला असला तरी आत मैदा असू शकतो, म्हणून आता अर्धी पोई आणि अळसांद्यांचे तोणाक (चवळीची रस्सा उसळ) एवढेच घेते.

मे महिन्यात मानकुराद आंबा कापून, हात नुसते फडक्याला पुसून मी बोट टोचले आणि पडद्यावर २६८ पाहून घाबरून गेले. साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा मोजले तर १५७. आंब्याचा रस बोटावर राहिला होता! तेव्हापासून हात धुतल्याशिवाय मी बोट टोचत नाही. बोटाच्या टोकाऐवजी कडेला टोचले की दुखतेही कमी.

सर्वांत जास्त त्रास मात्र आपल्याकडच्या पावसाळ्याने दिला. कार्यालयात नेण्यासाठी मीटरच्या (रक्ताचा थेंब घ्यायच्या) दहा पट्ट्या मी साध्या प्लास्टिकच्या पिशवीत काढून ठेवल्या आणि जुलैत आकडे अकारण वरखाली होऊ लागले. पट्टीवर विकर (एन्झाइम) असते व ते दमटपणाने बिघडते, म्हणूनच डबीत ओलावा शोषणारा पदार्थ असतो, हे औषधविक्रेत्याने समजावले. आता पट्टी काढताच झाकण घट्ट लावते आणि डबी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहिते. मीटरपेक्षा पट्ट्यांचाच खर्च मोठा असल्याने वाया गेलेल्या त्या दहा पट्ट्या अजून मनाला लागतात.

प्रयोगशाळेशी पडताळणी करायची असेल तर ती उपाशीपोटीच करावी, कारण जेवणानंतर बोटाच्या रक्तातील साखर शिरेतल्या रक्तापेक्षा अधिक असते. मीटर आणि प्रयोगशाळा यांचे माझे आकडे १३२ आणि १२४ असे आले. १५ टक्क्यांपर्यंतचा फरक अशा यंत्रांत ग्राह्य धरतात.

सप्टेंबरमध्ये एचबीए१सी ७.१ आला. त्याच महिन्यात चतुर्थीला हळदीच्या पानातल्या दोन पातोळ्या (तांदळाच्या पिठात गूळ-खोबरे भरून उकडलेला गोड पदार्थ) मी खाल्ल्या, त्या दुपारी भात मुळीच घेतला नाही, आणि दोन तासांनी मीटरवर १७२ होते.