थेरमिन वाजवणाऱ्या बाबांसाठी घेतलेली पेडल्स : आठ महिन्यांनंतर

बाबा आयुष्यभर पेटी वाजवत आले. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, येत नाही, ही त्यांची जुनी हुरहूर. निवृत्त झाल्यावर त्यांनी मूग कंपनीचं इथरवेव्ह थेरमिन घेतलं ते खास मींडेसाठीच. उजवीकडच्या उभ्या अँटेनाजवळ हात नेला की सूर चढतो, डावीकडच्या आडव्या कड्याजवळ नेला की आवाज बारीक होत बंद होतो. कुठेही स्पर्श नाही. लेव्ह टेर्मेन यांनी १९२० च्या सुमारास रशियात बनवलेलं हे वाद्य आमच्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये यमन आळवतं, तेव्हा मी हातातलं काम ठेवून ऐकत बसते.

गेल्या दिवाळीपासून मी त्यांना भेट म्हणून एकेक इफेक्ट पेडल, म्हणजे वाद्याचा आवाज बदलणारी, जमिनीवर ठेवायची छोटी डबी, आणत गेले. ही सगळी पेडल्स मुळात गिटारवाल्यांसाठी बनवलेली. गिटारवाला दोन गाण्यांच्या मध्ये वाकून बटणं फिरवतो, पायाने खटका दाबतो, त्याच्या सुराचं काही बिघडत नाही. थेरमिनवाल्याचं शरीरच वाद्याचा भाग असतं. बाबा नुसते पुढे झुकले तरी सूर हलतो. त्यात दोन्ही हात कायम हवेत. म्हणून माझ्या लेखी पहिला प्रश्न एकच : एकदा लावून दिलं की तासभर हात न लावता चालेल का?

हे मला पहिल्या खरेदीनंतर कळलं. मी डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाटका, खरखरीत करणारं पेडल, घेतलं होतं. आवाज दमदार झाला, पण बाबांचा चेहरा उतरला. डिस्टॉर्शन लहानमोठा आवाज दाबून एका पातळीवर आणतं. बाबा डाव्या हाताने सूर उमलवतात, शेवटी अलगद विरवतात, ते सगळं त्यात सपाट झालं. थेरमिनमधला निम्मा जीव त्या डाव्या हातात असतो. आवाजातला चढउतार कमी करणाऱ्या कंप्रेसरबद्दलही मी म्हणूनच सावध राहीन. ते डिस्टॉर्शन आता भाच्याच्या गिटारला लागलंय.

दुसरं घेतलं बॉसचं आरव्ही-६, म्हणजे मोठ्या जागेत आवाज घुमल्यासारखा करणारं रिव्हर्ब, आणि एकच भेट द्यायची असेल तर मी आजही हेच देईन. आमचा हॉल छोटा, सोफा-पडद्यांनी भरलेला, आवाज तिथल्या तिथे मरतो. पेडलच्या ‘हॉल’ (सभागृह) मोडवर टाइमचं बटण मध्यावर आणि लेव्हलचं मध्याच्याही खाली ठेवलं की सुरामागे हवा उभी राहते. सूर शोधताना होणारी बारीक थरथरही थोडी मऊ होते. शिमर मोड वरच्या सप्तकाचा सूर मिसळतो. पहिल्यांदा ऐकून घरातले सगळे थक्क झाले, पण रागात तो परका वाटतो आणि मींडेवर तर गोंधळच. बाबांनी अर्ध्या दिवसात तो सोडला.

डिलेने, म्हणजे वाजवलेला सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणाऱ्या पेडलने, सगळ्यात जास्त शिकवलं. एमएक्सआरचं कार्बन कॉपी अॅनालॉग आहे, जास्तीत जास्त ६०० मिलिसेकंदांपर्यंत जातं, आणि त्याचे पडसाद थोडे काळपट, मवाळ येतात. थेरमिनच्या तारस्वराला ते शोभतात. पण डिले माफ करत नाही. निषाद जरासा उतरला तर तो पुन्हा पुन्हा कानावर येतो, आणि लांब मींड घेतली की मागची मींड पुढच्या सुरात घुसते. रोजच्या रियाजात बाबा ते बंद ठेवतात. आलापात एकच सूर लांबवायचा असेल तेव्हा मिक्स, म्हणजे पडसादाचं प्रमाण, अगदी कमी करून लावतात. नवशिक्याला मी डिले देणार नाही.

टीसी इलेक्ट्रॉनिकचं डिट्टो लूपर, म्हणजे वाजवलेला तुकडा साठवून पुन्हा पुन्हा ऐकवणारं पेडल, घेताना मला धाकधूक होती, कारण त्याला पाय लावावाच लागतो. उपाय बाबांनीच काढला. आधी डावा हात कड्याजवळ नेऊन आवाज मिटवायचा, मग पाय दाबायचा, शरीर स्थिर झालं की हात उचलायचा. लूपच्या सुरुवातीला क्षणभर शांतता राहते, षड्ज भरायचा असेल तर ती खटकत नाही. आता ते स्वतःच्याच सा-पवर गातात म्हणायला हरकत नाही, तानपुऱ्याचं अॅप कितीतरी दिवसांत उघडलेलं नाही. एक लक्षात ठेवा, हे बॅटरीवर चालत नाही, अडॅप्टर लागतोच.

अडॅप्टरवरून आठवलं. सगळी पेडल्स एकाच स्वस्त अडॅप्टरवर जोडली तेव्हा घूं घूं आवाज यायला लागला. प्रत्येकाला वेगळी वीज देणारा पुरवठा घेतल्यावर तो थांबला. ॲम्प्लिफायरचा प्लग तीन पिनीच हवा, कारण थेरमिनला अर्थिंग बहुतेक ऑडिओ केबलमधूनच मिळतं. ते नसेल तर सूर जागेवर राहत नाही. पेडल्सचे धातूचे डबे अँटेनापासून लांब, जमिनीवर ठेवा आणि ते जागेवर ठेवल्यावरच सूर लावा. आम्ही एकदा झाडू मारताना पेडल्स ठेवलेला बोर्ड सरकवला आणि संध्याकाळी सगळी स्वरस्थानं बदललेली. आरव्ही-६ बॅटरीवर चालवत असाल तर रात्री इनपुटची केबल काढून ठेवा. ती आत राहिली की बॅटरी उतरत राहते.

मध्यंतरी बाबांनी मित्राचं एक्स्प्रेशन पेडल, म्हणजे पायाने दाबून दुसऱ्या पेडलचा परिणाम कमीजास्त करणारं पेडल, आणून आरव्ही-६ ला जोडलं. टाच जमिनीवर टेकवून फक्त पुढचा पाय हळू दाबला, तर सूर जागचा हलला नाही आणि रिव्हर्ब मात्र सुरासोबत फुलत गेला. तीन वेळा त्यांनी तीच पुरिया धनाश्रीची ओळ वाजवली. ते पेडल आता परत द्यायचंय, आणि पुढच्या महिन्यात बाबांचा वाढदिवस आहे.