क्यूजीआयएस की आर्कजीआयएस?

सांगलीतल्या प्राध्यापक मित्राचं नकाशा-प्रशिक्षण केंद्र संगणकावर नकाशे करायच्या या दोन सॉफ्टवेअरच्या निवडीपाशी अडलंय.

खर्चात क्यूजीआयएस उजवं: मोफत, मुलांच्या घरच्या लॅपटॉपवरही चालतं. आर्कजीआयएसच्या परवान्याचे पैसे दरवर्षी भरायचे. अनुदान थांबलं की प्रयोगशाळा बंद. मला हाच मुद्दा सर्वांत जड वाटतो.

संशोधनाला दोन्ही पुरतात. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडारला ढगांतूनही जमीन दिसते, त्याची चित्रं फुकट मिळतात. पाणी कुठल्या शेतापर्यंत चढलं, ते क्यूजीआयएसवरही आखता येतं.

मदतीत मात्र आर्कजीआयएस पुढे, ते बनवणारी कंपनी पाठीशी असते. क्यूजीआयएसला शिकवणारा पक्का हवा.

मोठ्या कंपन्यांतल्या नोकरीची तयारी करून घ्यायची तर आर्कजीआयएसचे मोजके परवाने घ्या. पूर, ऊस, गावनकाशे यांवर वर्षानुवर्षं काम करायचं तर क्यूजीआयएसच.