पान डोळ्यांसमोर ठेवायचं की बाग? हिफ्झच्या दोन वाटा

पानाला पंधरा ओळींची कुराणाची एकच प्रत धरायची, ती बदलायची नाही, हा उस्तादांचा सल्ला हिफ्झ, म्हणजे कुराण तोंडपाठ, करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. आयत, म्हणजे एक वचन, पानावर कुठे सुरू होते, कुठे संपते, हे डोळ्यांत बसतं. दुसरी वाट म्हणजे मनात एक परिसर उभा करायचा आणि त्यातून चालत आयती म्हणायच्या. मी दोन्ही वापरल्या आहेत. रोजच्या सबकसाठी, म्हणजे नव्या पाठासाठी, पान सोपं, वेगळी तयारी लागत नाही.

पण सूरह (अध्याय) रहमान घ्या. 78 आयतींत एकच आयत 31 वेळा येते. पानावर त्या ओळी सारख्याच दिसतात आणि नजर एकीवरून निघून भलतीकडे उतरते. जन्नतच्या बागांपाशी तर फारच. 50व्या आणि 66व्या आयतीची सुरुवात एकच, 'फीहिमा ऐनानि'. पुढे एकीकडे 'तजरियान', म्हणजे झरे वाहतात. दुसरीकडे 'नज्जाखतान', उसळतात. तरावीहमध्ये, म्हणजे रमजानच्या रात्रीच्या नमाजात, तिथेच जीभ अडते आणि मागून लुकमा येतो, कुणीतरी विसरलेला शब्द सांगतो. या एका त्रासापायी मी निदान या सूरहपुरतं पान सोडलं.

माझा मनातला रस्ता सांगलीजवळच्या हरिपूरला सुरू होतो. कृष्णा-वारणेच्या संगमावर मी दोन समुद्रांच्या भेटीची आयत ठेवली आहे. तिथून चढण, आणि प्रत्येक वळणावर ती 31 वेळा येणारी आयत. वरच्या टप्प्यावर पहिल्या दोन बागा : पाटातून संथ वाहणारं पाणी, प्रत्येक फळ जोडीनं. 62व्या आयतीपासूनच्या बागा खालच्या अंगाला : गर्द हिरव्या, पाणी उसळतंय, खजुरीची झाडं, आणि आटपाडीकडं लगडतात तशी डाळिंबं. डाळिंब दिसलं की 'नज्जाखतान' मागे गेलंच असणार, चूक होत नाही.

जन्नत अशी असेल असं मी म्हणत नाही. ती कुणी पाहिली आहे? ही फक्त खूण. त्यात माणसं, चेहरे नकोत. मनाला पटत नसेल तर उस्तादांना आधी विचारा.

सूरह निसातल्या वारसाहक्काच्या आयतींना मात्र ही वाट चालत नाही. निम्मा, चौथा, आठवा हिस्सा, यांचं दृश्य कसं उभं करणार? तिथे पान आणि घोकणं बरं. जेर-जबर, म्हणजे स्वरखुणा, तर दोन्हीकडे उस्तादांच्या कानावरच सुधारतात.

तरी नोकरी सांभाळून, मिळेल त्या प्रतीवर दौर (उजळणी) करणाऱ्याला मी परिसराकडेच वळवेन. रहमानची 46वी आयत धरा आणि तिथून पुढच्या बागा आधी मांडून बघा.